मधल्या पुस्तकापासून

आमच्या शाळेचे ग्रंथालय म्हणजे शिक्षकांच्या खोलीलगतच्या अरुंद जागेत भिंतीशी लावलेली चार कपाटे. त्यांतील दुसऱ्या कपाटात 'संतचरित्रे' अशी चिठ्ठी डकवलेला एक कप्पा आहे. सिल्वासाचा पाऊस पुस्तकांना मानवत नाही. वाळवी आणि बुरशी या दोघींशी आमचे वर्षानुवर्षांचे वैर आहे. गेल्या पावसाळ्यात तो कप्पा झाडण्यासाठी रिकामा केला, तेव्हा दासबोधाच्या दोन प्रती आणि एकनाथांचे एक जुने चरित्र यांच्या मधोमध 'समर्थांचे पुनरागमन' हे नारायण धारपांचे पुस्तक निघाले. नोंदवहीत विषयाच्या रकान्यात आमच्या कोणा पूर्वसूरींनी सुवाच्य अक्षरांत 'समर्थ रामदास' असे लिहून ठेवले होते. नावावरून पुस्तक विकत घेतले, नावावरून नोंदवले आणि नावावरूनच कप्प्यात ठेवले, हे उघड होते. धारपांचे समर्थ हे चाफळचे वा सज्जनगडचे नव्हेत. ते आपल्याच काळातील शहरांत वावरणारे, पिशाच्चे व त्यांहूनही अनामिक अशा अमंगळ शक्ती यांच्याशी झुंजणारे सत्पुरुष आहेत; आणि त्यांचे शिष्य आप्पा जोशी हे तुमच्याआमच्यासारखे मध्यमवर्गीय गृहस्थ आहेत.

या चुकीचे हसू आले, पण ते फार टिकले नाही. कप्प्यातील दासबोधाची पाने अजून एकमेकांना चिकटलेली होती. या पुस्तकाची मात्र शिवण उसवली होती, कोपरे दुमडले होते, आणि मागच्या कोऱ्या पानावर निरनिराळ्या हस्ताक्षरांत पेन्सिलीने नावे लिहिलेली होती. आम्ही मोजली, एकोणीस भरली. नोंदवहीप्रमाणे हे पुस्तक कधीच कोणी नेले नव्हते. म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांनी ते आम्हांला न विचारता शोधून काढले होते, आणि आम्हांला न सांगता एकमेकांच्या हाती दिले होते.

आमच्या मराठीच्या बाईंनी ते पुस्तक चाळून दोन आक्षेप घेतले. एक असा की, हे मालिकेतील मधले पुस्तक आहे. ज्याचे पुनरागमन होते तो आधी कधी तरी गेलेला असला पाहिजे, आणि तो केव्हा गेला, का गेला, मुळात होता कोण, हे ठाऊक नसता मुलांनी ते वाचणे म्हणजे वाचनाला बेशिस्तीची सवय लावणे होय. दुसरा आक्षेप विषयासंबंधी होता, व तो अधिक गंभीर होता. त्याकडे आम्ही शेवटी वळणार आहोत. पहिल्या आक्षेपाला आम्ही त्या वेळी मान डोलावली. गोष्ट मुळापासून वाचावी हे आम्ही स्वतः तीस वर्षे वर्गात सांगत आलो आहोत. परंतु त्या रात्री हा प्रश्न मनात घोळू लागला, आणि आमच्या ध्यानात आले की मराठी माणसाने गोष्ट मुळापासून ऐकावी अथवा वाचावी ही अपेक्षा फार जुनी नाही. तिचे वय फार तर दीडशे वर्षे असेल.

पोथ्यांचे उदाहरण पाहावे. धुंडिसुत मालू याचा 'नवनाथ भक्तिसार' हा ग्रंथ शके १७४१ चा, म्हणजे इ. स. १८१९ चा. त्याचे अध्याय चाळीस. भुताखेतांशी लढणाऱ्या वीराची मालिका म्हणून पाहिले, तर मराठीत याच्या तोडीचा दुसरा ग्रंथ आम्हांला आठवत नाही. मच्छिंद्रनाथ शाबरी विद्या साधतो आणि मग देशोदेशी फिरत मारुती, वेताळ, कालिका, वीरभद्र अशा एकेकाशी गाठ घेतो. पुढे गोरक्ष, जालंदर, कानिफा यांची चरित्रे येतात. एकाची कथा अर्ध्यावर सोडून दुसऱ्याची उचलली जाते, आणि चार अध्यायांनी पहिला पुन्हा भेटतो. हा ग्रंथ लोक कसे वाचीत? सलग पारायण करणारे होते व आहेत, यात संशय नाही. परंतु शेवटच्या अध्यायात ग्रंथकर्त्याने प्रत्येक अध्यायाचे फळ निरनिराळे सांगून ठेवले आहे. ज्याला जी अडचण असेल त्याने तो अध्याय वाचावा. वेताळाशी झुंज ज्यात आहे तो पाचवा अध्याय भूतबाधेच्या निवारणासाठी नेमलेला आहे. तेव्हा घरात कोणी झपाटल्यासारखे करू लागले की लोक पोथी सोडून थेट पाचव्यालाच हात घालीत. पहिल्या चार अध्यायांत काय झाले हे न कळल्यामुळे वेताळ परत फिरला, अशी तक्रार कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

ही मोकळीक वाचकांनी बळकावलेली नव्हती, ग्रंथकारांनीच ती देऊ केली होती. श्रीधराचे हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप हे ग्रंथ ज्यांनी पुराणिकाच्या मुखातून ऐकले असतील, त्यांना अध्यायाच्या प्रारंभीची ती ओळखीची पद्धत स्मरेल. आधी देवतांना वंदन, मग गेल्या अध्यायात कथा कोठवर आली होती त्याचे दोनचार ओव्यांत स्मरण, आणि मग पुढचे निरूपण. हे स्मरण केवळ अलंकार म्हणून घातलेले नव्हे. चातुर्मासात देवळात पुराण लागले की श्रोतृवर्ग रोज तोच नसे. एखादा लावणीच्या कामात गुंतल्याने आठ दिवस येऊ शकत नसे, कोणी बाई माहेरी आली म्हणून मध्येच येऊन बसे, आणि वाटसरू तर एका रात्रीपुरताच असे. कथाकाराने गृहीत धरलेले होते की समोर बसलेल्यांत कोणी ना कोणी आजच आलेला आहे. त्याला हात धरून आत घेणे हे कथाकाराचे कर्तव्य होते. आधी का आला नाहीस म्हणून दटावण्याचा अधिकार त्याला नव्हता.

येथे एक शंका घेतली जाईल. रामाची अथवा नाथांची कथा श्रोत्यांना आधीपासूनच ठाऊक होती, म्हणून मधून ऐकणे चालले; कादंबरीला हे कसे लागू पडेल? शंका रास्त आहे. परंतु ठाऊक असणे ही गोष्टही पायरीपायरीनेच घडते. लहान मूल रामकथा पुत्रकामेष्टीपासून ऐकत नाही. ते कोठल्या तरी सायंकाळी लंकादहनाच्या प्रसंगी आजीच्या मांडीवर येऊन बसते, आणि वनवासाचे कारण त्याला पुढे केव्हा तरी कळते. आपल्यांपैकी कोणाला आठवते का, की आपण रामायण कोठून सुरू केले?

याच संदर्भात आमच्या गावाचे एक नाते सांगितल्यावाचून राहवत नाही. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. त्या लढ्यात उतरलेल्यांत सुधीर फडके होते. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९५५ पासून, पुणे आकाशवाणीवरून गदिमांचे गीतरामायण दर आठवड्यास एक याप्रमाणे प्रसारित होऊ लागले, आणि त्याचे संगीत फडक्यांचे होते. छप्पन्न गीतांची ही मालिका वर्षभर चालली. तिचा आरंभ कोठून होतो हे पाहण्याजोगे आहे. पहिल्या गीतात दशरथ नाही, अयोध्येचे वैभव नाही. सर्व काही घडून गेल्यानंतर रामाच्याच सभेत कुश आणि लव गाण्यास उभे राहिले आहेत. ज्या आठवड्यास ज्याच्या घरी रेडिओ लागला त्या आठवड्यापासून त्याचे गीतरामायण सुरू झाले. आमच्या वडिलांचे शूर्पणखेच्या प्रसंगापासून सुरू झाले, असे ते सांगत. त्यांच्या चाळीत रेडिओ तेव्हाच आला.

मग मुळापासून वाचण्याचा आग्रह आला कोठून? आमच्या मते तो छापील मासिकाबरोबर आला. आणि गंमत अशी की मासिकानेच तो पाळणे अशक्य करून टाकले. १८६७ साली 'विविधज्ञानविस्तार' निघाले आणि त्यात रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' ही कादंबरी अंशाअंशाने येऊ लागली. पुढे हरिभाऊ आपट्यांची पहिली सामाजिक कादंबरी 'पुणे वैभव' पत्रातून क्रमशः आली, तिचे नाव 'मधली स्थिती' हा केवळ योगायोग. १८९० साली त्यांनी 'करमणूक' काढले व त्यात 'पण लक्षात कोण घेतो!' छापण्यास प्रारंभ केला. आता श्रोत्याला हाताला धरून आत घेणारा पुराणिक उरला नव्हता. कादंबरीची कथा नवी होती, ती कोणाच्या आजीला ठाऊक नव्हती, आणि टपालाने एखादा अंक गहाळ झाला तर यमुनेच्या आयुष्यातील एक तुकडा वाचकाच्या हातून कायमचा निसटत असे. तरीही लोक मध्येच वर्गणीदार होत आणि मध्येच वाचू लागत. हरिभाऊंची 'गणपतराव' तर अपुरीच राहिली. ज्या कादंबरीला शेवट नाही तिला प्रारंभापासून वाचण्याचे पुण्य किती, हा हिशेब आम्हांला मांडता येत नाही.

हीच अडचण विलायतेतही एका लेखकास जाणवली होती, आणि त्याने तिच्यावर जो तोड काढला त्याचे परिणाम आपल्या मराठीपर्यंत पोचले. आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सवर १८८७ व १८९० साली दोन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचा फारसा गाजावाजा झाला नाही. मासिकांतून क्रमशः कादंबरी छापण्याचा तोटा त्यांनी हेरला. वाचकाचा एखादा अंक चुकतोच, आणि चुकला की त्याची गोडी जाते. तेव्हा नायक तोच ठेवावा, पण प्रत्येक अंकातील कथा स्वतःपुरती पुरी असावी, असे त्यांनी ठरवले. जुलै १८९१ पासून 'स्ट्रँड' मासिकात तशा कथा येऊ लागल्या, आणि होम्स घराघरांत गेला. म्हणजे होम्सचे बहुसंख्य वाचक तिसऱ्या कृतीपासून आत आले. डॉक्टर वॉटसन आणि होम्स यांची पहिली भेट कशी झाली हे त्यांना ठाऊक नव्हते. मैत्री मात्र पहिल्याच पानावर कळली. त्या वॉटसनचे मोल येथे ध्यानात येते. असामान्य नायकाशेजारी एक सामान्य निवेदक बसवला की प्रत्येक नव्या वाचकाला आपली खुर्ची आपोआप मिळते. पुढे इंग्रजीत भुताखेतांचा तपास करणारे नायक निर्माण झाले, १९०८ साली ब्लॅकवुडचा जॉन सायलेन्स, पाठोपाठ हॉजसनचा कार्नाकी. त्यांच्या कथाही याच साच्यातल्या, एकेक प्रकरण स्वतःपुरते मिटणारे. धारपांचे आप्पा जोशी याच कुळातले.

मराठीत हा साचा जनसामान्यांत रुजवला तो बाबूराव अर्नाळकरांनी. त्यांच्या कादंबऱ्यांची संख्या हजारांहून अधिक आहे. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू या नायकांची नावे एका पिढीला पाठ होती. या हजार पुस्तकांतले पहिले कोणते, हे विचारून वाचण्यास बसणारा इसम आमच्या तरी पाहण्यात नाही. त्याला कारण होते, आणि ते साहित्यातले नसून व्यवहारातले होते. ही पुस्तके लोक विकत घेत नसत. गल्लीच्या तोंडाशी, किराणा दुकानाच्या अर्ध्या गाळ्यात, दोन फळ्या ठोकून उभ्या केलेल्या वाचनालयातून ती रोजच्या भाड्याने आणीत. तेथे अनुक्रमाला स्थान नव्हते. जे पुस्तक परत आले ते पुढच्याच्या हाती पडले. अनामत रक्कम भरून दोन पुस्तके उचलायची, रात्रीत संपवायची, सकाळी बदलायची. मालक कव्हरे फाटू नयेत म्हणून त्यांवर खाकी कागद चढवी व पाठीवर नुसता क्रमांक घाली. तेव्हा पुष्कळदा आपण काय वाचणार आहोत हे पहिले पान उघडल्यावरच कळे. त्या फळ्यांनी मराठी वाचक घडवला, हे म्हणावयास आपल्या साहित्यसंस्था फार वर्षे संकोचत आल्या. आम्हीही त्या संकोचात सामील होतो.

कारण आमची आणि समर्थांची गाठ अशाच एका फळीवर पडली होती. महाविद्यालयात असताना, १९८९ च्या सुमारास, 'समर्थांचा प्रहार' हे खाकी कव्हरातले पुस्तक आमच्या हाती आले. आधीची पाने दहाबारा गळालेली होती. म्हणजे मालिकेच्या मधले पुस्तक, आणि त्या पुस्तकाचाही मधला भाग. आम्ही ते पहाटे तीनपर्यंत वाचले व दिवा चालू ठेवून झोपलो. दुसऱ्या दिवशी कला शाखेच्या वर्गात सौंदर्यशास्त्रावरील व्याख्यान ऐकताना आम्ही ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही, आणि नंतर शिक्षक झाल्यावर तर ती स्वतःलाही सांगणे सोडून दिले.

धारपांविषयी चार शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण अकादमीच्या पृष्ठांवर त्यांचे नाव क्वचित येते. जन्म १९२५, मृत्यू २००८. शिक्षण विज्ञानाचे, आणि 'गोग्रॅमचा चितार' यासारखे विज्ञानकथालेखनही त्यांच्या खात्यावर जमा आहे. त्यांच्या भयकथांतील घरे ही आपली घरे असतात. जिन्याखालची अडगळीची खोली, भाड्याने घेतलेला बंगला, बदलीच्या गावी मिळालेले बिऱ्हाड, तिन्हीसांजेची वेळ आणि दिवेलागणीला घरात नसलेले एक माणूस, एवढ्या सामग्रीवर ते भय उभे करतात. रानातल्या पडक्या देवळातून त्यांनी भुताला उचलून दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आणून बसवले. समर्थांच्या पुस्तकांत एखादे साधे कुटुंब अशा संकटात सापडते की ज्याला डॉक्टर नाही आणि पोलीस नाहीत. मग समर्थांकडे धाव घेतली जाते. समर्थांचे सामर्थ्य कोठून येते याचा फारसा खल नसतो. ते येतात, पाहतात, थोडे बोलतात. वाचकाला भीती वाटावी म्हणून आप्पा जोशी आहेत, आणि धीर यावा म्हणून समर्थ.

दोषही सांगितले पाहिजेत. धारपांनी इंग्रजीतून उदंड घेतले. 'लुचाई' आणि 'शपथ' या कादंबऱ्यांच्या पाठीमागे स्टीफन किंग यांची 'सेलम्स लॉट' (१९७५) व 'इट' (१९८६) ही पुस्तके उभी आहेत. भाषा काही ठिकाणी घाईची आहे, आणि एकाच धर्तीचे प्रसंग पुन्हा येतात. परंतु पुन्हा येणारे प्रसंग हा मालिकेचा दोष की तिचा स्वभाव? जो सर्व पुस्तके ओळीने वाचतो त्याला पुनरुक्ती टोचते. जो मधलेच एक उचलतो त्याला ती टोचत नाही, उलट तिच्यामुळेच त्याला कथेत पाय रोवता येतो. पोथीतील त्या स्मरणाच्या ओव्या आणि धारपांनी दर पुस्तकात नव्याने उभे केलेले समर्थ यांचे काम एकच आहे. आजच्या इंग्रजीतही हाच अनुभव येतो. आमचा एक जुना विद्यार्थी, जो आता वापीच्या कारखान्यात अभियंता आहे, त्याने सांगितले की शिकागोत राहून राक्षस-पिशाच्चांशी लढणाऱ्या एका मांत्रिकाची 'ड्रेस्डन फाइल्स' ही जिम बुचर यांची मालिका २००० सालापासून चालू आहे, आणि तिचे निष्ठावंत वाचकच नवागताला पुष्कळदा सल्ला देतात की पहिली दोन पुस्तके तूर्त सोड, तिसऱ्या-चौथ्यापासून धर. लेखकाचा हात तोवर बसलेला असतो, हे त्याचे कारण. मालिकेचे पहिले पुस्तक हे सर्वांत चांगले पुस्तक असतेच असे नाही. ते फक्त पहिले असते.

बाईंच्या पहिल्या आक्षेपाला उत्तर म्हणून आणखी एक मुद्दा आम्ही मांडला, आणि तो खास आमच्या गावचा आहे. १७७९ च्या डिसेंबरात पेशव्यांनी पोर्तुगीजांशी तह केला. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचे 'सांताना' नावाचे जहाज पकडले होते, त्याची भरपाई म्हणून बारा हजार रुपये वसुलाची गावे द्यावयाची ठरली. १७८३ साली नगर हवेलीची बहात्तर गावे पोर्तुगीजांच्या हाती गेली, आणि १७८५ साली त्यांनी दादरा घेतले. एका जहाजापायी बहात्तर गावे! तेथपासून १९५४ पर्यंतची पावणेदोनशे वर्षे आपल्या मराठी इतिहासग्रंथांत या मुलुखाचा उल्लेख शोधून पाहावा. आम्ही शोधला आहे. पेशवाई बुडाली, सत्तावनचे बंड झाले, टिळक मंडालेला गेले, दांडीची यात्रा येथून फार लांब नव्हे अशा किनाऱ्यावर पोचली, आणि या सर्व काळात दमणगंगेच्या काठची माणसे काय करीत होती, हे पुस्तकात नाही. नंतर एकाएकी १९५४ चा मुक्तिसंग्राम येतो, सात वर्षांचा स्वतंत्र कारभार येतो, ११ ऑगस्ट १९६१ चे विलीनीकरण येते, आणि २०२० च्या जानेवारीत दमण-दीवशी जोडणी होते. आमच्या मुलांना स्वतःच्या गावाचा इतिहासही मधल्या पुस्तकापासूनच मिळतो. मागची पुस्तके कोणी लिहिलीच नाहीत, किंवा लिहिली ती त्यांना न वाचता येणाऱ्या भाषेत लिहिली. अशा मुलांना आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे की पहिला भाग मिळाल्यावाचून दुसऱ्याला हात लावू नका?

बाई हसल्या, आणि म्हणाल्या, "सर, हे उत्तर मला पटलं. दुसऱ्याचं बोला."

दुसरा आक्षेप असा. आमच्या शाळेत निम्म्याहून अधिक मुले वारली, कोकणा व धोडिया समाजांतली आहेत. त्यांच्या पाड्यांवर आजही भगत आहे. तो औषधपाला जाणतो, तांदळाचे दाणे टाकून दुखण्याचे मूळ पाहतो, देवाच्या कथा गातो, आणि पुष्कळदा माणसाला खरोखर धीर देतो; त्याची सरसकट हेटाळणी करणे आम्हांला मान्य नाही. परंतु दुखण्याचे मूळ शोधता शोधता बोट एखाद्या बाईकडे वळते, ती डाकीण ठरते, आणि मग तिचे जे हाल होतात ते आदिवासी पट्ट्यांतून पुन्हा पुन्हा उघडकीस आले आहेत. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला तो उगाच नव्हे. त्यापायी डॉक्टर दाभोळकरांचे प्राण गेले. पुण्याच्या वाचकाला धारप वाचताना जी भीती वाटते ती खुर्चीत बसून चाखण्याची भीती आहे. आमच्या मुलाला तीच गोष्ट बातमी वाटली तर? जे पुण्यात मनोरंजन ते पाड्यावर पुरावा होणार नाही कशावरून? बाईंचा हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेऊ शकलो नाही.

आम्ही त्या एकोणीस नावांतील एका मुलाला बोलावले. नववीतला मुलगा, खानवेलकडच्या एका पाड्यावरचा, वसतिगृहात राहतो. प्रथम तो घाबरला. पुस्तक चोरल्याचा आळ येतो आहे असे त्याला वाटले. आम्ही म्हटले, "गोष्ट सांग." त्याने सांगितली, आणि फार चांगली सांगितली. सुटीत घरी गेल्यावर त्याने ती रात्री अंगणात वारली बोलीत सांगितली होती. त्याच्या आजीने मध्येच विचारले होते की हा समर्थ कोणत्या गावचा भगत, आणि कोंबडे किती घेतो. "मी सांगितलं, काहीच घेत नाही," तो म्हणाला. "तर आजी म्हणाली, मग तो भगत नाही, गोष्टीतलाच आहे."

"आणि तुला काय वाटते?" आम्ही विचारले.

"गोष्टीतलाच, सर. पण आप्पा जोशी खरे वाटतात."

हे उत्तर आम्ही बाईंना जसेच्या तसे सांगितले. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिले. समीक्षेची पुस्तके शिकवून जे मुलांच्या गळी उतरत नाही ते एका आजीने कोंबड्याच्या हिशेबाने उतरवले होते, हे आम्हां दोघांनाही मान्य करावे लागले. तथापि एका आजीवरून सर्व पाड्यांचा निष्कर्ष काढणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास शोभणारे नाही, आणि बाईंनीही तो काढू दिला नाही.

मग आम्ही असे केले. 'समर्थांचे पुनरागमन' संतचरित्रांतून काढून कादंबऱ्यांत नोंदवले, शिवण घालून घेतली, आणि ते मुलांना रीतसर नोंद करून नेऊ दिले. साकेत प्रकाशनाने धारपांची पुस्तके अलीकडे पुन्हा काढली आहेत. त्यांतील समर्थांची जी मिळाली ती मागवली. ती एकाच गठ्ठ्यात आली व आम्ही कपाटात ठेवली तेव्हा बाईंनी त्यांवर क्रमांक घालू का असे विचारले. आम्ही नको म्हटले. शुक्रवारी शेवटच्या तासाला बाई आता गोष्ट सांगण्याचा तास घेतात. त्यात मुले धारप सांगतात, पाड्यावरची कणसरीची कथा सांगतात, नाथांचा वेताळ सांगतात. आणि प्रत्येक गोष्टीनंतर बाई एकच विचारतात की यात दोष कोणाच्या माथी मारला, आणि तो कशावरून. पहिल्या दोन शुक्रवारी कोणी बोलले नाही. तिसऱ्या शुक्रवारी आठवीतली एक मुलगी उठून उभी राहिली आणि तिने आपल्या पाड्यावरची जी हकीगत सांगितली ती गोष्ट नव्हती. ती येथे लिहिण्याची आम्हांला परवानगी नाही. बाई त्या घरी जाऊन आल्या, आणि अजून जातात.

त्या गठ्ठ्यात मागणीपत्रात नसलेले एक पुस्तक चुकून आले होते, धारपांचेच, 'चेटकीण'. विक्रेत्याने ते परत घेण्याची तयारी दाखवली. आम्ही ते परत पाठवले नाही आणि कपाटातही ठेवले नाही. ते आमच्या टेबलाच्या खणात आहे. वाचून झाले आहे. बाई दर सोमवारी विचारतात, आणि आम्ही पुढच्या सोमवारचा वायदा करतो.

खानवेलकडच्या त्या मुलाने मात्र मालिकेतली आणलेली सर्व पुस्तके दिवाळीपर्यंत संपवली. शेवटचे परत करताना त्याने वहीचा एक कागद पुढे केला. त्यावर त्याने पुस्तकांची नावे आपल्या क्रमाने लिहून काढली होती, आणि वर तांबड्या शाईने लिहिले होते, "नवीन मुलांनी या क्रमाने वाचावे." पहिल्या क्रमांकावर 'समर्थांचे पुनरागमन' होते. तो कागद आम्ही कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.